नसलेल्या दिवसांची चोरओटी

कुणाला दिवस गेलेत हे मी नुसत्या चालण्यावरून ओळखते, असा पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, माझा लौकिक होता. लौकिक पसरवणारीही मीच. जिच्या बाबतीत अंदाज खरा निघायचा तिचं उदाहरण मी वर्षभर सांगत फिरायचे. जिच्या बाबतीत चुकायचा तिला अपचन झालं होतं, असं ठरवून मोकळी व्हायचे. त्यामुळे माझा अंदाज कधीच चुकला नव्हता.

आज ती बाई डोळ्यांपुढे आणते तेव्हा हसू येतं आणि चीडही येते. खळीची सुती साडी, खांद्याला पर्स, डोक्यात भुसा. मराठी महिला मंडळाची चिटणीस. माझे हे प्लांटमध्ये अकाउंटला कारकून होते, म्हणजे साहेब लोकांच्या बंगल्याच्या फाटकातून आम्ही कधी आत गेलो नव्हतो. पण आमचे हे टेबलावर बसतात आणि शेजारचा भट्टीवर काम करतो, एवढ्या भांडवलावर मी अख्ख्या ब्लॉकमध्ये मिरवत होते. क्वार्टर दोघांचं एकाच टाइपचं. दोन खोल्या, मागे अंगण, मध्ये कमरेएवढी भिंत. पावसाळ्यात दोन्हीकडचं छत सारखंच गळायचं. छताला ग्रेड कळत नव्हता, मला कळत होता.

तेव्हा राज्य वेगळं झालं नव्हतं, आमचं मध्य प्रदेशच होतं. टीव्हीवर एड्सची जाहिरात नुकती लागायला लागली होती. ती लागली की हे उठून आवाज कमी करायचे आणि मी स्वयंपाकघरात जायचे. मुलं तेवढी मन लावून पाहायची. त्या रोगाबद्दल आम्हा सुशिक्षितांना एवढंच ठाऊक होतं, की तो आपल्याला होत नाही.

शेजारची बिऱ्हाड करून आली तेव्हा विशीतली असेल. गोंदियाकडची, शेतकऱ्याच्या घरची. नवरा कोक ओव्हनच्या भट्टीवर, एक तीन-चार वर्षांची मुलगी. मुलगी अंगणात आसपासच्या पोरांशी छत्तीसगढी बोलायची, आईशी मराठी आणि माझ्याशी हिंदी, कारण तिच्या गावाकडच्या मराठीवर मी रागावायचे. बाई कामाची, कमी बोलणारी. हळदीकुंकवाला आली की दाराशी बसायची. मी तिला तिथंच बसू द्यायचे आणि 'पुढे ये ना ग' असं तोंडभरून म्हणायचे. असं म्हणायला काही पडत नाही, आणि ती येणार नाही हे ठाऊक असतं.

त्या हिवाळ्यात तिची सासू गावाहून आली. धान घरात आलं, की म्हातारी लेकाकडे यायची. नऊवारी लुगडं, तोंडात तंबाखू, बोलणं असं की भिंतीपलीकडे बसून मला सगळं ऐकू यायचं. तिचा एकच विषय. नातू कधी. पोरगी मोठी झाली, आता नातू कधी. भाजी चिरताना नातू, अंगण झाडताना नातू.

आणि एके सकाळी सून मागच्या मोरीवर ओकताना मी पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तोंड उतरलेलं, चहा नको म्हणत होती, फोडणीचा वास आला की पदर नाकाला. मी भिंतीवरून वाकून पाहिलं, चालणं पाहिलं आणि निकाल दिला. पुढे व्हायला नको ते सगळं या निकालानं झालं. आणि, आता म्हणायला हरकत नाही, व्हायला हवं होतं तेही थोडं याच निकालानं झालं. पण त्याचं श्रेय त्या चिटणीसबाईला द्यायची माझी तयारी नाही. बैल उधळून कुंपण मोडतो आणि त्या भगदाडातून गाय सुटते, म्हणून कोणी बैलाला सुज्ञ म्हणत नाही.

मी सुनेला विचारलंसुद्धा नाही. थेट म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं माझे हात धरले, तंबाखू थुंकून आली आणि पुन्हा धरले.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. बातमी फुटू द्यायची नसते, दृष्ट लागते म्हणून, तेव्हा घरातल्या घरात दोन-चार सवाष्णींनी गुपचूप ओटी भरायची. आमच्या गुपचूपला मंडळाच्या सगळ्या बायका आल्या. मी नारळ आणला, खण आणला. सुनेला काहीच सांगितलं नव्हतं. ती पाणी भरून आली तशी आम्ही तिला पाटावर बसवली आणि कुंकू लावून ओटीत तांदूळ, सुपारी, नारळ घातला. ती आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग सासूकडे. चेहरा पांढराफटक. 'पाहा कशी लाजते,' मी म्हणाले. बायका हसल्या. लाज आणि धसका यांतला फरक ज्या बाईला कळत नव्हता, ती बाई चालण्यावरून दिवस ओळखत होती.

चोरओटीची बातमी निदान पुरुषांच्या कानावर जात नाही. इथं तीही गेली. तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला जाताना पेढ्यांचा पुडा नेला आणि सगळ्या भट्टीत वाटला. येताना एक पुडा आमच्याकडेही दिला. मी तो देवापुढे ठेवला.

पेढे संपायच्या आत ती माझ्या मागच्या दाराशी आली. दुपारची वेळ, म्हातारी झोपलेली. पदराखाली काहीतरी धरलेलं. मी तिला बसवलं, चहा दिला. चहा तिनं पूर्ण प्यायला. मग पदराखालून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. बायकांच्या गोळ्या, मूल न होण्याच्या. पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून, जिथं तिला कोणी ओळखत नाही अशा दुकानातून आणलेल्या. सुरुवातीला त्यांनी मळमळतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ती तांदळाच्या डब्यात लपवायची. आता गरवार सुनेला कष्ट नको म्हणून सासूनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं, आणि तांदळाचा डबा तिच्या हाताखाली गेला होता. पाकीट माझ्याकडे ठेवून घ्याल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

ओकारीचं कारण माझ्यासमोर पडलं होतं. पण हार मानेल ती चिटणीस कसली. मी उपदेशाला लागले. दुसरं मूल हवंच, पोरीला भाऊ हवा, एवढी सोन्यासारखी सासू, वगैरे. तिनं माझं सगळं संपू दिलं. मग सांगितलं, की नवऱ्याला बारीक ताप राहायचा, वजन उतरत होतं, म्हणून इथं कोणाला कळू नये अशा बेतानं ती दोघं नागपूरला रक्त तपासायला गेली होती. त्याला एचआयव्ही निघाला. मग तिचं पाहिलं. तिलाही निघाला. पोरीचं पाहिलं, तिला नव्हता.

मी त्या चहाच्या कपाकडे पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते. समोर विशीतली बाई बसली आहे, तिनं नुकतं हे सांगितलं आहे, आणि माझं सगळं लक्ष कपाकडे. सेटमधला कप होता. तो धुवायचा, उकळायचा की टाकून द्यायचा, यावर माझं डोकं वेगानं चाललं होतं. तिला ते दिसलं. तिनं उठून कप विसळला आणि पालथा घातला.

नवऱ्याला कुठून झाला, हे मी अर्थातच विचारलं. अपघात झाला होता तेव्हा रक्त चढवलं होतं, तो असं सांगतो, म्हणाली. खरं का, विचारलं. ती म्हणाली, ते समजून आता काय करू. उत्तम प्रश्न होता. पण मी पुढं अनेक दिवस त्याचंच उत्तर शोधत बसले होते, कारण दुसऱ्याच्या घरातलं तेवढंच मला रुचकर वाटत होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती तिनं अगदी साध्या शब्दांत सांगितली. तिला आता पोट राहू द्यायचं नव्हतं. तेवढं एकच तिला हवं होतं आणि तेवढंच कोणी द्यायला तयार नव्हतं. ती दुर्गच्या रस्त्यावरच्या एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलं खडसावलं. आता मूल होऊ दिलंस तर पाप लागेल, म्हणाल्या. ही म्हणाली, मग ऑपरेशन करून द्या. तशी बाईंची खुर्ची मागे सरकली. असल्या केसेस आम्ही घेत नाही. बरं, तांबी बसवून द्या. तीही नाही, हात लावावा लागतो. मग मी करू काय? नवऱ्याला निरोध वापरायला सांग. आणि फी घेतली. फीच्या नोटांना हात लावायला त्यांना काही वाटलं नाही. मूल होऊ देऊ नकोस म्हणून बजावायचं, आणि न होण्याचा उपाय मागितला की हात धुवायला निघून जायचं. या बाईंना आमच्या मंडळानं पुढच्याच वर्षी प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. विषय होता स्त्रीचं आरोग्य. हार मीच घातला होता. असो.

नवरा निरोध वापरायला तयार नव्हता. घरच्या बायकोसोबत असलं कोणी वापरतं का, असं त्याचं म्हणणं. आणि ते मागायचं कुठं? सेक्टरच्या दवाखान्याच्या खिडकीवर फुकट मिळतात, पण तिथं रांगेत सगळे ओळखीचे. लाज वाटते म्हणे. ज्याला डॉक्टरनं नागपूरला समोर बसवून समजावलं होतं, त्या माणसाला रोगाची भीती नव्हती, बायकोची दया नव्हती. खिडकीची लाज तेवढी होती.

म्हणून तिनं स्वतःच्या अकलेनं गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांनी रोग अडत नाही, पोट तेवढं अडतं, हे तिला माहीत होतं. तिचा हिशेब सरळ होता. रोग तर आलाच आहे.

मी तिला विचारलं, तुला मूल नकोच का? तिचं उत्तर मला शब्दाला शब्द आठवतं.

"नको असं नाही जी, काकू. मले पाहिजे होतं. मांगच्या साली मीच नवस केला होता. पण आता आमी दोघंही गेल्यावर त्याले कोण पाहीन? एक पोट्टी हाये, तिचाच घोर लागून राहिला."

मग तिनं कारण विचारलं, चोरओटी कावून भरली तुमी? नुसतं विचारलं, राग नव्हता. मी म्हणाले, मला वाटलं. ती म्हणाली, मले तर इचारायचं.

पाकीट मी ठेवून घेतलं. धैर्यानं नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून. ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा वर्तमानपत्र. जणू गोळ्यांनाच रोग झाला होता.

आणि मग तो प्रकार झाला जो मंडळाच्या सगळ्या बुद्धीला सुचला नसता. म्हातारीनं लेकाची बाज बाहेरच्या खोलीत काढली. गरवार बाईपासून नवऱ्यानं लांब राहावं, हा तिच्या गावचा नेम. ती स्वतः सुनेच्या खोलीत, दाराशी आडवी झोपायला लागली. लेक कुरकुरला तर म्हणे, नातू होईस्तोवर तोंड दाखवू नको. जे डॉक्टरीणबाईंना जमलं नाही, ते माझ्या अपचनी अंदाजानं आणि म्हातारीच्या नेमानं झालं. सुनेला रात्रीची झोप मिळाली. गोळ्यांची गरज उरली नाही. गोळ्या बंद झाल्या तशी ओकारी थांबली. म्हातारी म्हणाली, पाहा, तिसरा सरला.

पण गोळ्या बंद झाल्या की दर महिन्याला जे यायचं ते येतंच, आणि म्हातारीच्या घरात ते लपणं शक्य नव्हतं. कोण अंगणात बसली, कोणाचे कपडे वाळत आहेत, यावर तिची नजर असायची. म्हणून सून ते कपडे धुवायला माझ्या मोरीवर आली. भिंतीच्या टोकाला जायपुरती फट होती, तिच्यातून यायची, काकूला पापड लाटायला मदत करते असं सांगून.

मी काय केलं ते सांगते. आधी सगळ्या मोरीवर फिनेल ओतलं. मग ती येऊन गेल्यावर पुन्हा ओतलं. हातात भांडी घासायचे रबरी मोजे, पायात यांचे गमबूट, जे यांनी प्लांटमधून आणले होते आणि टेबलावर बसणाऱ्या माणसाला कधी लागले नव्हते. दुसऱ्या खेपेला ती समोर असतानाच फिनेलवरून घसरले आणि नळाला धरून लोंबकळले. तिनं मला धरून उभं केलं. पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

"पाय मोडन तुमचा. त्यानं मरसान तुमी, काकू, माह्यानं नाही."

मोजे मी त्याच दिवशी काढले. ज्ञान झालं म्हणून नाही, फारच विनोदी दिसत होते म्हणून. ज्ञान हळूहळू झालं आणि बरंच उशिरा.

ते कपडे माझ्या दोरीवर वाळायचे. तेव्हा मी अठ्ठेचाळिशीची, माझं सगळं आटोपलेलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी घरात मीठ कुठं असतं हे यांना ठाऊक नव्हतं, पण दोरीवरचे कपडे नेमके दिसले. तुझं तर संपलं होतं ना, म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा सुरू झालं. हे काळजीत पडले. संध्याकाळी माझ्यासाठी टॉनिकची बाटली आणली. मी चमच्यानं घेत राहिले. खोटं बोलण्याचा दंड कडू होता आणि बाटली मोठी.

असं किती चालणार? म्हातारी हिरव्या साडीचं बोलायला लागली. मंडळानं डोहाळेजेवणाचा घाट घातला, आणि मी चिटणीस असल्यामुळे बेत माझ्याच घरी ठरला. मी भिंतीपलीकडे जाऊन सुनेला माझी योजना सांगितली. पोट पडलं असं सांगू. मी साक्षीला राहते, डॉक्टरनं दोन वर्षं नको म्हटलंय असं दडपून देते. खोट्यात माझा हात चांगला बसला होता. ती म्हणाली, मंग दोन वर्षांनी? मी म्हणाले, तेव्हा पाहू. ती म्हणाली, तेव्हा मी असन का.

पण तिनं घरात खरंही लगेच सांगितलं नाही. ती कशाची तरी वाट पाहत होती. ते काय हे मला नंतर कळलं. ती नवऱ्याची वाट पाहत होती. बायकोला दिवस आहेत असं त्यालाही वाटत होतं, आणि बाळाला काय होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं. कधीतरी तो घाबरेल, एकांतात येऊन विचारेल, कसं करायचं ग, असं तिला वाटत होतं. त्यानं एकदाच विषय काढला. पाळणा प्लांटच्या सुताराकडून फुकटात करून घेऊ का, म्हणून.

त्या रविवारी तिनं मला जेवणाच्या वेळी बोलावलं. चोरओटी तुमी भरली, तर आता बसा, म्हणाली. मी गेले. म्हातारी वाढत होती, तो पाटावर बसलेला. पोरगी माझ्या घरी टीव्ही पाहायला पाठवलेली. सुनेनं ताटावरून मान वर केली नाही. तिनं सांगितलं, की पोटात काही नाही, कधीच नव्हतं. मग रक्ताचं सांगितलं. त्याचं, स्वतःचं, पोरीचं. मग डॉक्टरीणबाई, गोळ्या, निरोध, सगळं. आवाज वर नाही, खाली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. मी आयुष्यभर सभांमधून भाषणं ठोकली, असं एकही जमलं नाही.

म्हातारी रडेल, सुनेला घराबाहेर काढेल, छाती पिटेल, अशी माझी खात्री होती. माझ्या खात्र्या तुम्हाला आता माहीत आहेत. म्हातारीनं आधी विचारलं, पोट्टीले नाही ना? नाही, सून म्हणाली. मग म्हातारी लेकाकडे वळली.

"तुले मालूम होतं?"

तो भात कालवत राहिला.

"मालूम होतं, आन् पेढे वाटले?"

तो म्हणाला, सगळ्यांची लेकरं काही मरत नाहीत. मग म्हणाला, लोक विचारायला लागले होते. मग म्हणाला, ते सामान मागायला लाज वाटते, खिडकीवर सगळे आपले लोक असतात. तीन कारणं दिली, आणि तिसरं सगळ्यात खरं होतं. म्हातारीनं तेच धरलं. कुठं भेटते ते, विचारलं. त्याला नाही, मला विचारलं. मी सांगितलं, सेक्टरच्या दवाखान्यात. तुमी दाखवा मले, म्हणाली.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. वाटेत मी तिला समजावलं, की असं बाईनं जाऊन मागायचं नसतं, मी कोणातरी मार्फत व्यवस्था करते, कुठेतरी चिठ्ठी देते. ती चालत राहिली. दवाखान्याच्या आवारात रांग होती. ब्लॉकमधल्या दोन बायका, यांच्या ऑफिसातला एक, भट्टीवरचे दोघं-तिघं. मी लिंबाच्या झाडामागे गेले. हो, गेले. मंडळाची चिटणीस, कुटुंब नियोजनावर एकदा निबंधस्पर्धा घेतलेली, झाडामागे उभी राहून पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं सोंग करत होते. झाड बारीक होतं. मी नव्हते.

म्हातारी रांगेत उभी राहिली. नंबर आला. कंपाउंडरनं विचारलं, क्या हुआ अम्मा? तिला हिंदी येत नव्हती, आणि शब्दही माहीत नव्हता. तिनं मागे वळून रांगेतल्या भट्टीवाल्यांना विचारलं, बापा, त्या बायकोजवळ जाताना लावतात त्याले काय म्हणतात? एक जण जमिनीकडे पाहायला लागला. दुसऱ्यानं हळूच सांगितलं. मग ती खिडकीत वाकून, तिच्या नेहमीच्या भिंतीपलीकडल्या आवाजात बोलली.

"माह्या पोराले निरोध पाहिजेत. त्याले लाज वाटते, म्हणून मी आली. जास्ती दे."

कंपाउंडरनं दोन्ही हातांनी दिले. कोणी हसलं नाही. हसायला नंतर लागले, पण तेव्हा नाही. तिनं ती पाकिटं लुगड्याच्या ओच्यात घेतली आणि उजेडात, रांगेच्या बाजूनं, सगळ्यांसमोरून चालत झाडापर्यंत आली.

"चला, बाई. भेटले. तुमचं काय हरपलं, सापडलं का?"

लेक फर्स्ट शिफ्टवरून आला तो आधीच सगळं ऐकून आला होता. भट्टीवर बातमी त्याच्याआधी पोचली होती. कान लाल. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी भिंतीशी, अर्थातच. तिनं ओचा त्याच्या पुढ्यात रिकामा केला.

"लाज तर सरली आता. आता कारण सांग."

तो खाली बसून एकेक पाकीट वेचायला लागला.

म्हातारी त्या वर्षी पेरणीलाही गावाला गेली नाही. नातवाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, निदान भिंतीपलीकडे ऐकू येईल असा नाही. एकदा मात्र पहाटे ती मोरीवर एकटीच बसून रडत होती. मी पाहिलं आणि पहिल्यांदाच भिंतीवरून वाकले नाही. तिचा लेक पुढे काही वर्षं जगला. सुनेला दुसरं मूल झालं नाही, तिनं ठरवलं होतं तसंच. डॉक्टरीणबाईंकडे ती परत गेली नाही. मंडळात बातमी फुटली तेव्हा ज्यांनी ओटीत तांदूळ घातले होते, त्यांनी घरी जाऊन हात धुतले. मला विचारायला आल्या, तूही धुतलेस ना? मी म्हणाले, फिनेलनं. त्यांना ते फार पटलं.

लेकाची बाहेरच्या खोलीतली बाज आत कधी घ्यायची हे सुनेनं ठरवलं. सासूनं तिच्यावरच सोपवलं होतं. बऱ्याच दिवसांनी, एका साध्याशा दुपारी, तिनं आणि म्हातारीनं दोन बाजूंनी धरून ती आत नेली. मला कोणी विचारलं नाही. बरंच केलं. मी मुहूर्त काढला असता.